अचानक भेट, दोन दिवस आधी कळवून

१ ऑगस्ट, शुक्रवार. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. निवृत्त होऊन चार वर्षं झाली आणि एवढा अनुभव डोक्यात नुसता पडून आहे. चौतीस वर्षं दूध संघात संकलन सुपरवायझर. कॅनचं झाकण उघडलं की वासावरून फॅट सांगायचो. मशीन कधीकधी वेगळं सांगायचं, पण मशीन बिघडतात.

विषय : आई. वय ८४. गुडघे गेले, कान आणि जीभ शाबूत. तिचं सगळं आजवर ही करत होती. परवा ही बाथरूममध्ये घसरली, उजवा हात प्लास्टरमध्ये. आईला आंघोळ घालतानाच घसरली हे खरं, पण लक्ष द्यायला नको?

दोन दिवस आईचं मी स्वतः केलं. म्हणजे चहा दिला. काल. फार दगदग होते. माणसानं आपली मर्यादा ओळखावी.

निर्णय : आईला चांगल्या केअर सेंटरमध्ये ठेवणे. प्रोफेशनल लोक, प्रोफेशनल काम.

सोनूचा फोन आला. माझी धाकटी बहीण, कोडोलीला दिलेली, दारात चार म्हशी. म्हणाली, दादा, आईला माझ्याकडं आणून सोड की, मला काय जड न्हाय. मी स्पष्ट सांगितलं, आई लेकीच्या दारात राहणार नाही. कसबा बावड्यात दोन मजली बंगला बांधून मुलगा बसलाय आणि आई जावयाची भाकरी खाते, हे भावकीत कळलं तर मला तोंड दाखवायला जागा राहील का? केअर सेंटर वेगळं. ती फॅसिलिटी असते. सोनू म्हणाली, दादा, तुझ्या नाकापायी म्हातारीला कुठं टाकू नकोस. टाकू हा शब्द मला आवडला नाही. फोन ठेवला.

आईलाही विचारलं, कुठं राहायला आवडेल. कोडोली म्हणाली. तिला प्रश्न नीट समजला नसावा.

संकल्प : जिल्ह्यातली बारा केंद्रं स्वतः तपासणार. बारातलं एक निवडणार. घाई नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

गुणांकन पद्धत तयार. नाव 'विजयसिंह पद्धत'. जेवणखाण म्हणजे फॅट, बाकी सगळं म्हणजे एसएनएफ, दुधातला फॅट सोडून उरलेला घनांश. दोन्ही मिळून दहापैकी गुण. इतकी सोपी गोष्ट आजवर कुणाला सुचली नाही.

पहिला नियम लाल शाईनं लिहिला : ढवळल्याशिवाय सॅम्पल घ्यायचं नाही. कॅनमध्ये वर साय येते आणि खाली पाणी राहतं. वरवरचं सॅम्पल घेणारा माणूस एक तर नवशिका किंवा जेवून आलेला. हे मी प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगायचो.

दुसरा नियम : भेट अचानक हवी.

गारगोटी रोडच्या 'आधारछाया केअर सेंटर'ला फोन केला. संचालक सम्राट नावाचा तरुण. आवाजात अदब. त्याला सांगितलं, उद्या अकरा वाजता अचानक भेट देणार आहे. आधी कळवणं आवश्यक असतं. गावच्या दूध संस्थेत न कळवता गेलं की सचिव शेतात आणि कपाटाची किल्ली त्याच्या कमरेला. भेट फुकट जायची. शिवाय जेवणाचाही घोळ. त्यामुळे चौतीस वर्षं माझ्या सगळ्या अचानक भेटी व्यवस्थित पार पडल्या.

३ ऑगस्ट, रविवार

भेट झाली. उत्कृष्ट.

दारात रांगोळी. मला फेटा बांधला. शाल, श्रीफळ. पुढच्या हॉलमध्ये आठ वृद्ध इस्त्रीच्या कपड्यांत रांगेत बसलेले. सम्राटनं खूण केल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एक आजोबा थांबेचनात, मग त्यांचे हात धरावे लागले. उत्साह वाखाणण्यासारखा.

श्रावण असल्यामुळे रस्सा नाही, पण बासुंदी होती. म्हशीचं दूध, फॅट ७ च्या खाली नाही. दोन वाट्या घेतल्या. दुसरी तपासणीसाठी.

मागं आणखी एक हॉल आहे. सम्राट म्हणाला, साहेब, तिकडं मेंटेनन्स चाललाय, तुम्हाला धुळीचा त्रास होईल. माझी कुणी इतकी काळजी करत नाही. वेळही झाली होती.

गुण : ९.२. उरलेली अकरा केंद्रं बघायची गरज उरली नाही. पहिलंच इतकं चांगलं निघाल्यावर बाकीच्यांना उगीच त्रास कशाला.

५ ऑगस्ट, मंगळवार

आईला पोचवलं. तिचं बीपी वाढू नये म्हणून डॉक्टरकडे जाऊ या असं सांगितलं होतं. तिथं महिन्यातून एकदा डॉक्टर येतातच, त्यामुळे खोटं म्हणता येणार नाही. गाडीत आई म्हणाली, ह्यो कोडोलीचा रस्ता न्हवं. दिशांचं भान अजून पक्कं आहे, हे फॉर्मवर 'मानसिक स्थिती'च्या रकान्यात लिहिलं.

बेड नंबर ११. निघताना आईनं माझी बाही धरली. धरूनच बसली. सम्राटनं एकेक बोट अलगद सोडवलं. फारच कुशल हात. ०.१ वाढवला.

घरी आल्यावर ही रडत होती. प्लास्टरमध्ये खाज सुटते म्हणतात.

१० ऑगस्ट, रविवार

दुसरी अचानक भेट. शुक्रवारी कळवलं होतं.

आईच्या तक्रारी, जशाच्या तशा : संध्याकाळी पाचच्या पुढं पाणी देत न्हाईत. मागल्या हॉलात झोपवत्यात आणि तू यायचा असलास की तेवढं फुडं आणून बसवत्यात. केस कापलं, न इचारता.

तक्रारींची शहानिशा सम्राटसमोरच केली. पाचनंतर पाणी नाही म्हणजे रात्री कुणाला उठावं लागत नाही आणि गादीही कोरडी राहते. शास्त्रीय आहे. म्हशीला आपण कधीही पाणी पाजतो का? वेळेवर पाजतो. केसांचं म्हणाल तर पांढरी वेणी पार कमरेपर्यंत होती, ती रोज कोण घालणार? आता डोकं अगदी हलकं दिसतं. आई डोक्यावरून पदर खाली येऊ देत नाही. थंडी वाजत असावी.

नंतर तासभर ती एक शब्द बोलली नाही. घरात असताना आईचं तोंड मिनिटभर बंद नसायचं. मनःशांती. ०.२.

निघताना विचारलं तिनं, विजा, मला कवा नेणार? म्हटलं, रिपोर्ट पूर्ण होऊ दे. माझा हात बरा झाल्यावर नेऊ या असं हीही म्हणत होती. बघू.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आईची खोली रिकामी पडून राहणं बरं नाही. तिथं माझं ऑफिस. टेबल आलं, फिरती खुर्ची आली. आईची लोखंडी कॉट माळ्यावर. पाट्या आणि कार्डं छापायला टाकली : 'विजयसिंह, ज्येष्ठसेवा गुणवत्ता सल्लागार'.

सम्राटला पाच पानी सूचना पाठवल्या. मुख्य सूचना : नातेवाईक वाटेल तेव्हा येतात, त्यामुळे यंत्रणेवर ताण पडतो. भेटीची सूचना दोन दिवस आधी फोनवर देणे सक्तीचे करावे. सम्राट म्हणाला, साहेब, हे आमच्या डोक्यात आलंच नव्हतं. लगेच बोर्ड करून गेटवर लावला. खाली माझं नाव. फोटो आलाय. अक्षर सुबक.

१९ ऑगस्ट, मंगळवार

सोनू कोडोलीहून दोन एसट्या बदलून आईला भेटायला गेली. न कळवता! नव्या व्यालेल्या म्हशीच्या चिकाचा खरवस घेऊन. वॉचमननं बोर्ड दाखवला. सोनू दोन तास गेटबाहेर बसली. शेवटी खरवस आत घेतला गेला, सोनूला घेतलं नाही. नियम सगळ्यांना सारखा.

मला फोन करून ओरडली. कोल्हापूरच्या बायकांच्या आवाजाला लाऊडस्पीकर लागत नाही. म्हणाली, दादा, बोर्डावर तुझं नाव हाय. म्हटलं, हो. म्हणाली, आईला वाचता येतंय. म्हटलं, मग चांगलंच आहे. फोन कट झाला. कोडोलीला नेटवर्क नाही.

संकल्प : पुढच्या भेटीत कॅन ढवळणार. मागचा हॉल बघणारच.

२४ ऑगस्ट, रविवार

भेट. मागचा हॉल राहिला, कारण कालच श्रावण संपला. तांबडा, पांढरा रस्सा, सुकं मटण. जेवणानंतर चालवेना.

मोठी बातमी : आई हसली! गेल्या कित्येक वर्षांत तिला इतकं हसताना पाहिलं नव्हतं. मी बसलो होतो तेवढा वेळ सलग हसत होती. झालं असं की कवळी धुताना तिघींच्या कवळ्या एकाच डब्यात टाकल्या आणि अदलाबदल झाली. आईला आलेली जरा मोठी आहे, ओठ मिटत नाहीत. अंबूबाई नावाची सेविका मध्येच बोलली, साहेब, ही कवळी त्यांची न्हाय, हिरड्या सोलल्यात, जेवाय येत न्हाय त्यास्नी. सम्राटनं तिला आत पाठवलं. सवय होईल म्हणाला.

आई काहीतरी सांगत होती, कवळीमुळे शब्द कळत नव्हते. डोळ्यांत पाणीही होतं. आनंदाचं असतं कधीकधी.

फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकला. 'आईचं हास्य, हाच माझा पुरस्कार.' बेचाळीस अंगठे. सोनूचा नाही.

गुण : ९.६. तोंडावरचा भाव एसएनएफमध्ये धरला.

३१ ऑगस्ट, रविवार. गौरी आल्या

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन. आई! अंबूबाईनं स्वतःचा मोबाईल दिला म्हणे. कवळी काढून बोलत होती म्हणून कळलं. म्हणाली, विजा, गवरी आल्या असतील, तेवढं दोन दिस घरी ने. म्हटलं, तुझ्या खोलीत कॉम्प्युटर आहे आता, वायरी असतात, पाय अडकेल. मग म्हणाली, तर कोडोलीला सोड. म्हटलं, आई, पुन्हा तेच. मग म्हणाली, बरं.

बरं म्हणाली, म्हणजे पटलं.

सम्राटकडे लेखी तक्रार : सेविका अंबूबाई रहिवाशांना मोबाईल पुरवते, वरिष्ठांसमोर मध्ये बोलते. शिस्तीच्या दृष्टीनं योग्य ती कारवाई व्हावी.

सम्राटनं आईचा गणपतीच्या मखरासमोरचा फोटो पाठवला. निळी साडी, मागे थर्माकोलचा मोर, तोंडावर तेच हसू. छान.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जनात नाचलो, पाठ धरली. आजची भेट रद्द.

विचार केला. दर रविवारी जाऊन येणं ही जुनी पद्धत झाली. टँकरच्या मागं सुपरवायझर पळतो का? रिपोर्ट येतो. सम्राटला सांगितलं, दर रविवारी व्हॉट्सअॅपवर एक फोटो आणि तीन ओळी : झोप, जेवण, मनःस्थिती. त्यावरून मी गुण देणार. तो फार खूष झाला. साहेब, तुम्ही त्रास घेऊच नका म्हणाला.

ही म्हणाली, अहो, एकदा जाऊन या की. बायकांना सिस्टिम कळत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

पहिला रिपोर्ट. झोप : उत्तम. जेवण : उत्तम. मनःस्थिती : आनंदी. फोटो आला. निळी साडी, मखर, मोर. विसर्जन होऊन आठ दिवस झाले तरी मखर ठेवलंय. आळस म्हणावा की भक्ती? भक्ती म्हटलं.

गुण : ९.६.

अंबूबाईला काढून टाकल्याचं कळलं. तक्रारीची दखल पंधरा दिवसांच्या आत. संघात एका तक्रारीला चार वर्षं लागायची.

ही परवा कोडोलीला जाऊन आली. येताना ताकाची बरणी. आजसुद्धा निघालीय, सोबत आईची जुनी गोधडी. म्हटलं, गोधडी कशाला? म्हणाली, सोनूताईंना गार लागतं. नणंदभावजयांचं एवढं गूळपीठ कधी झालं कळत नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

वडिलांचं, आबांचं श्राद्ध. आईला आणावं असं ही दोनदा म्हणाली. म्हणजे एकदा म्हणाली आणि मग थांबून माझ्याकडे बघत राहिली. मी सांगितलं, आईची तिथली लय बसलीय, मध्येच हलवणं चांगलं नाही. शास्त्रोक्त सगळं केलं. कावळा लवकर शिवला.

दुपारी वाटलं, आजच्या दिवशी आईशी बोलावं. सम्राटला फोन लावला. आई झोपल्यात म्हणाला. चारला लावला. झोपल्यात. सहाला लावला. आत्ताच झोपल्यात. घरी असताना आईला दुपारी डोळा लागायचा नाही. किती गाढ झोप आहे बघा. ०.१.

ही शेजारीच उभी होती. कुठं झोपल्यात, विचारा की त्यास्नी, म्हणाली. आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी आपटत होती.

२१ सप्टेंबर, रविवार

रिपोर्ट. उत्तम, उत्तम, आनंदी. फोटो : निळी साडी, मोर. ही साडी आईला फारच आवडलेली दिसते. किरकोळ सूचना दिली की साडी बदलावी. सम्राट म्हणाला, ऐकत नाहीत हो. खरं आहे. आई हट्टी.

गुण : ९.७. तब्येत किंचित भरल्यासारखी वाटते.

२८ सप्टेंबर, रविवार

रिपोर्ट. फोटोत आई तीच, मोर तोच. तब्येत स्थिर. याला म्हणतात सातत्य. दुधात सातत्य आणायला मी चौतीस वर्षं घालवली. गुण : ९.८. सेंटरच्या इतिहासातला उच्चांक.

'आधारछाया'चं माहितीपत्रक छापून आलं. पहिल्या पानावर फेट्यातला मी. खाली : 'आमचे गुणवत्ता सल्लागार यांच्या मातोश्री स्वतः येथे वास्तव्यास आहेत.' पुढच्या रविवारी ज्येष्ठ नागरिक संघात माझं भाषण. विषय : 'सेवा मोजता येते'.

१ ऑक्टोबर, बुधवार

कल्पना सुचली. दसऱ्याला आईला सोनं द्यायचं, पाया पडायचं, व्हिडिओ करायचा. भाषणाआधी पडद्यावर दाखवायचा. लोक रडतील.

सम्राटला कळवायला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. त्यानं नवी गाडी घेतलीय, पूजेच्या गडबडीत असेल.

ही म्हणाली, मी उद्या सकाळी लवकर बाहेर जाणार आहे, तुमचा डबा झाकून ठेवते. माहेरी असेल.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा. सकाळी ८

आयुष्यात प्रथमच न कळवता भेटीला निघालोय. जरा चोरट्यासारखं वाटतंय. आपट्याची पानं घेतली. मोबाईल चार्ज केला. फेटा घेतला.

त्याच दिवशी. सायंकाळी ७

गेटवर रांगोळी नव्हती. वॉचमननं बोर्ड दाखवला. मी बोर्डावरचं नाव दाखवलं. त्याला माझं नाव माहीत होतं, मी माहीत नव्हतो. शेवटी ओळखपत्र बघून आत सोडलं.

पुढचा हॉल रिकामा. खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या. कोपऱ्यात थर्माकोलचा मोर धुळीत पडलेला.

मागच्या हॉलचं दार बाहेरून कडी लावून बंद. कडी काढली आणि वास आला. नाक हेच माझं काम होतं. असा कॅन आला असता तर मी तो उघड्यावर ओतून दिला असता आणि संस्थेला नोटीस काढली असती. सहा जणांच्या जागेत चौदा कॉट. मेंटेनन्स कुठलाच नाही. खिडक्यांना खिळे. ते टाळ्या वाजवणारे आजोबा मनगटानं कॉटला बांधलेले.

बेड नंबर ११ वर दुसरीच बाई. आईला आलेली ती मोठी कवळी तिला बरोबर बसली होती. तिनं माझी बाही धरली, आलास व्हय बाळू, म्हणाली, आणि सोडेचना. मी बाळू नाही म्हणून सांगितलं. मला बोटं सोडवता येईनात. सम्राटला जमतं ते.

आई कुठं, असं वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, त्या गेल्या की. मी डोक्यावरचा फेटा उतरवला. मग म्हणाला, तसं न्हवं हो, कोडोलीला गेल्या. गणपती गेले आणि तिसऱ्या दिवशी. अंबूबाईनं फोन लावून दिला, सकाळी दुधाचा टेम्पो आला, सोबत बहीण होती तुमची. सम्राट साहेब म्हणाले, मुलाच्या सहीशिवाय सोडता येत नाही. आजी म्हणाल्या, मी काय म्हैस हाय का माझ्यावर दुसऱ्याची सही लागाय? चाळीस वर्षं संस्थेत दूध घातलंय, पासबुकावर सही माझीच हाय. कागद घेतला, सही केली, कॅनला टेकून बसल्या आणि गेल्या. अंबूबाईला त्याच दुपारी काढलं.

गणपती गेले आणि तिसऱ्या दिवशी म्हणजे नऊ सप्टेंबर. त्यानंतर मी आईला ९.६, ९.७ आणि ९.८ दिले.

कोडोलीला गेलो. गोठ्यासमोर बाजलं, बाजल्यावर आई. तोंडात कवळी नव्हती, तोंड मिटलेलं. केस बोटभर वाढलेले, पदर खांद्यावर. ताटलीत दुधात कुस्करलेली भाकरी. शेजारी ही. उजव्या हातानं तिला भरवत होती. प्लास्टर कधी निघालं ते मला कळलं नव्हतं.

मी पुढं होऊन पाया पडलो. सोनं दिलं. आईनं घेतलं. चेहऱ्यावर रागबिग काही नव्हता, ते बरं वाटलं. मग तिनं सोनूला विचारलं, किती दिस झालं ग? सोनू म्हणाली, तेवीस.

सगळ्यांना माहीत होतं. हिला, सोनूला, अख्ख्या भावकीला, पुण्याच्या राजवीरला. माझ्या या मुलानं दर रविवारी आजीशी व्हिडिओ कॉल केला आणि मला अंगठे पाठवले. आईनंच सगळ्यांना बजावलं होतं, विजाला कुणी सांगू नका, त्याला कवा कळतंय बघू. त्यावर पैज लागली होती, एक किलो जिलेबीची. सोनूनं महिना धरला होता. हिनं दसरा. व्हिडिओ काढायला जातील म्हणाली होती. ही जिंकली.

आईनं किती धरले होते ते मी विचारलं. विचारायला नको होतं. सोनू म्हणाली, चार दिवस. आणि चौथ्या दिवशी सकाळपासनं दारात खुर्ची टाकून बसलीती, दादा. पाचव्या दिवशीबी. म्हणत हुती, यील की, कामात असंल. आठव्या दिवशी आपल्या आपण खुर्ची आत नेली.

मी म्हटलं, आई, मला वाटलं तू तिथं खूष आहेस, रिपोर्ट तसेच येत होते. आई भाकरी चघळत माझ्याकडे बघत राहिली. घास गिळून म्हणाली, तुझ्या आबांनी तुला संघात चिकटवला तवाच मी म्हणलेली, ह्येला दूध कळत न्हाय.

मग सोनूला म्हणाली, पावण्यास्नी च्या टाक.

जिलेबी आली. मलाही दिली. चहा पिताना चांगल्या मुलासारखं वागायचं ठरवलं आणि म्हटलं, आई, उद्या सकाळी ऑफिस रिकामं करतो, तुझी कॉट माळ्यावरनं काढतो, परवा न्यायला येतो. आई म्हणाली, लेकीच्या दारात बरी हाय मी. आणि यायचं असलं तर दोन दिस आधी फोन करून ये. हितंबी नियम हाय.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

ही माझ्यासोबत परत आली नाही. अजून चार दिवस राहते म्हणाली. किती दिवस ते मी मोजणार आहे.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

भाषण रद्द केलं. प्रकृतीचं कारण दिलं. सम्राटचा फोन : साहेब, गैरसमज नको, फी ऑक्टोबरपर्यंत आलेली आहे, कुणी दुसरं असेल घरात तर पाठवा. त्याला खूप बोलायचं ठरवलं होतं. बरं म्हणालो.

त्या बोर्डावरचं नाव तरी काढ, हे सांगायचं राहिलं.

ऑफिस रिकामं करायला घेतलं. कॉट माळ्यावरून एकट्याला निघेना. चहा स्वतः केला. दूध उतू गेलं.

४ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी ९.३०

नियमाप्रमाणे कोडोलीला फोन लावला. सोमवारी येऊ का म्हणून विचारायला. सोनूनं उचलला.

आई झोपलीय, म्हणाली.

मागून आईचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. म्हशीला हाका मारत होती.